गोळीची किंमत

संग्रामपूर तालुक्यातली अनेक गावं खारपाण पट्ट्यात येतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार इथे नवे नाहीत. ज्या घरात असं दुखणं शिरतं, तिथे किराण्याच्या आधी मेडिकलचे पैसे बाजूला काढावे लागतात. म्हणून सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांच्या कारकिर्दीकडे इथून पाहताना मला त्यांच्या मानसन्मानांपेक्षा औषधाच्या पाकिटावरची किंमत मोठी वाटते.

वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला सुरू केली. आई लिथुआनियाची, युसूफ यांचा जन्मही तिकडचाच, १९३६ सालचा. गांधीजी १९३९ मध्ये सिप्ला पाहायला आले होते. केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली पीएच.डी. करून युसूफ १९६० मध्ये कंपनीत रुजू झाले.

तेव्हा पेटंट कायदा इंग्रजांच्या काळातला, १९११ सालचा होता. परदेशी कंपनीच्या औषधाला इथल्या कारखान्याने हात लावायचा नाही, मग रोग्याला ते परवडो वा न परवडो. हा कायदा बदलावा म्हणून देशी औषध उत्पादक झगडले, त्यांत हमीद पुढे होते. १९७० चा नवा कायदा १९७२ पासून लागू झाला. आता पेटंट औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या कृतीवर मिळणार होतं. तेच औषध वेगळ्या कृतीने करायला वाट मोकळी झाली. भारतात औषधं स्वस्त झाली त्याचं मोठं श्रेय मी या कायद्याला देतो. तो झाला नसता तर हमीद यांचं रसायनशास्त्र प्रयोगशाळेतच राहिलं असतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये या साऱ्याचा कस लागला. एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या उपचाराला पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. आफ्रिकेत माणसं उपचारावाचून मरत होती. सिप्लाने सीमेविना डॉक्टर या संघटनेला तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. तिन्ही औषधं एकाच गोळीत आली, तीही दिवसातून दोनदाच घ्यायची. बड्या कंपन्यांनी हमीद यांना चोर ठरवलं, पण पुढे त्यांनाही आपले दर उतरवावे लागले.

दानधर्म म्हणतात तोही त्यांनी केला. पुण्याला वारजे इथे १९९७ पासून सिप्लाचं केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची वेदनाशामक शुश्रूषा विनामूल्य करतं. तरी माझ्या मते त्यांचं खरं दान धंद्याच्या आतच आहे. देणगी घ्यायला माणसाला कुणाच्या तरी दारात जावं लागतं. उतरलेली किंमत गावच्या दुकानापर्यंत स्वतः चालत येते.

२००५ साली हमीद यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी औषधावरचं पेटंटही परत आलं. ते थांबले नाहीत. मे २०१२ मध्ये सिप्लाने मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च २८,००० रुपयांवरून ६,८४० वर आणला.