शंभर वॉट, आठ सेकंद

जनसंज्ञापन विभागांच्या प्रवेशाच्या जाहिराती हल्ली एकाच छापाच्या निघतात : कॅमेरे, ड्रोन आणि हसरी मुलं. यातलं रोज काय वापरलं जातं ते बघून ये, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून एका विद्यापीठाच्या रेडिओकेंद्रात जाऊन बसले. विद्यापीठाचं नाव लिहायचं नाही, ही तिथल्या तंत्रज्ञांची अट. मुलं त्यांना काका म्हणतात. मीही तेच म्हणते.

अशा सामुदायिक रेडिओकेंद्रांचा इतिहास चार ओळींत आटपतो. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये दिला. शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र काढायची मुभा मिळायला मात्र २००२चा डिसेंबर उजाडला. चेन्नईचं ‘अण्णा एफएम’ १ फेब्रुवारी २००४ला सुरू झालं, ते देशातलं पहिलं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४वर ऐकू येऊ लागली. २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं आणि म्हसवडसारख्या गावात ‘माणदेशी तरंग’ उभी राहिली. या केंद्रांना प्रक्षेपणाची ताकद मिळते ती साधारण शंभर वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. मध्ये टेकडी आली की पलीकडची वस्ती गेलीच.

स्टुडिओ म्हणजे कोपऱ्यातली एक खोली. भिंतींना फोम, दाराला जाड पडदा. ध्वनिमुद्रण सुरू होताना एसी बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर माइक पकडतो. पाचव्या मिनिटाला सगळे घामाघूम. काका काचेपलीकडून मुलांच्या संहिता ऐकतात. वाचत नाहीत, ऐकतात. एकीने ‘चार लाख सत्याऐंशी हजार तीनशे पंचवीस’ असा आकडा वाचला. काकांनी हात वर केला. ‘बाळा, पोळ्या लाटता लाटता ऐकणारीने हा कुठे लिहून घ्यायचा? पावणेपाच लाखांच्या वर म्हण आणि पुढे चल.’ ‘वरीलप्रमाणे’ तर इथे सरळ कापला जातो. ऐकणाऱ्याला वर काही नसतं आणि खालीही. लिहिण्याचं इतकं रोकठोक शिक्षण मी कुठल्याही वर्गात पाहिलेलं नाही.

पण मला खिळवून ठेवलं ते रॅकमधल्या एका चपट्या डब्याने. त्याचं नाव सायलेन्स डिटेक्टर. प्रक्षेपणात ठरावीक वेळ आवाज आला नाही, तर काहीतरी बिघडलं असं समजून तो आपणहून राखीव ध्वनिफीत सुरू करतो. इथे ती वेळ आठ सेकंद आहे आणि राखीव ध्वनिफीत सनईची.

मध्यंतरी बाजारसमितीतले एक निवृत्त हमाल थेट कार्यक्रमात आले होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने विचारलं, ‘मुलानं काय व्हावं असं वाटत होतं तुम्हाला?’ ते गप्प झाले. मुलगी हुशार, तिने मध्ये तोंड घातलं नाही. आठ सेकंद झाले आणि श्रोत्यांच्या कानी सनई पडली. आत त्या दोघांना पत्ताच नाही. हमालदादा पुढे बोलले, ते पहिलं वाक्य सनईखाली गेलं.

वरच्या मजल्यावर संज्ञापनाच्या पहिल्याच तासाला क्लॉड शॅननचं प्रारूप शिकवतात : प्रेषक, माध्यम, गोंगाट, ग्राहक. शॅनन बेल लॅबोरेटरीजमधला गणिती. १९४८च्या लेखात त्याने स्वच्छ सांगितलं होतं की संदेशाचा अर्थ हा अभियंत्याचा प्रश्न नाही. अभ्यासक्रमांनी त्याची आकृती उचलली आणि हे वाक्य बहुधा टाकून दिलं. डबा मात्र शॅननशी इमान राखून आहे. मग मर्यादा वीस सेकंद का करत नाही? काका म्हणाले, ‘रात्री संगणक अडकतो. तेव्हा इथं कोणी नसतं. वीस सेकंद शांतता म्हणजे माणूस स्टेशन बदलून मोकळा.’ म्हातारं माणूस मुलाखतीला आलं की काका आता स्वतः रॅकपाशी बसतात आणि डबा हाताने बंद ठेवतात. नियमपुस्तकात हे काम नाही, आणि काका कंत्राटी आहेत.

खरी अडचण डब्याची नाही, परवान्याची आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावता येतात, जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून. म्हणजे पत्रकारिता शिकायला आलेली मुलं स्वतःच्या विद्यापीठाच्या रेडिओवर पत्रकारिता करू शकत नाहीत. उद्या अमुक पेठेत पाणी येणार नाही, हे सांगायला हरकत नाही. का येणार नाही, असं विचारलं की ती बातमी झाली. खासगी एफएमलाही हीच बंदी आहे, असं समर्थन ऐकायला मिळतं. पण तिथे कोणी वार्तांकन शिकायला फी भरून जात नाही.

पैशाचंही तसंच. २०२४च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने जाहिरातींची मर्यादा तासाला बारा मिनिटांवर नेली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये केला. मर्यादा वाढली, जाहिरातदार कुठून वाढवायचे? शंभर वॉटच्या टप्प्यातले किराणा दुकानदार फलक लावणंच पसंत करतात. त्यात नव्या फोनमधून एफएम गायब होत चाललाय. मुलांपैकी रेडिओ घरी कोण ऐकतं, असं मी विचारलं, तर बहुतेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

तरी संध्याकाळी खोली रिकामी नव्हती. तीच मुलं, तोच माइक, एसी बंद. पाणी का येत नाही हा प्रश्न त्यांनी नगरसेवकाला विचारला, उलटतपासणीसारखा, पाऊण तास. हा पॉडकास्ट, इंटरनेटवर जाणार, तिथे ही बंदी लागू नाही. काकांनी फक्त ट्रान्समीटरकडे जाणारा फेडर खाली ओढून ठेवला होता.