यातेंगाचे खड्डे आणि दगडांच्या ओळी



आपली भाकरी ज्या दोन धान्यांची होते, ती ज्वारी आणि बाजरी, दोन्ही मूळची आफ्रिकेची. बाजरीचे माहेर तर सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाला, पश्चिम आफ्रिकेत. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. आज त्या माहेराकडची एक हकीकत सांगणार आहे.

देशाचे नाव बुर्किना फासो. १९६० साली हा देश फ्रेंच सत्तेतून मोकळा झाला तेव्हा त्याला अप्पर व्होल्टा म्हणत. १९८४ साली त्यांनी ते नाव बदलले. राजधानी वागादुगु. तिच्या वायव्येला सुमारे १८० किलोमीटरवर वाहिगुया हे गाव आहे आणि भोवतालच्या मुलखाला यातेंगा म्हणतात. वस्ती मुख्यतः मोसी शेतकऱ्यांची. पाऊस जून ते सप्टेंबर, बाकीचे आठ महिने आकाश कोरडे.

या मुलखावर १९६८ पासून पाच-सहा वर्षे दुष्काळाने ठाण मांडले. विहिरी आटल्या, गुरे मेली. घरटी एखाद-दुसरा तरुण दक्षिणेला आयव्हरी कोस्टच्या कोको-कॉफीच्या मळ्यांत मजुरीला निघून गेला. मागे राहिली म्हातारी माणसे, बायका, मुले आणि जमीन. पण ती जमीन तरी कसली? मोसी लोक तिला ‘झिपेले’ म्हणतात. उघड्या मातीवर पावसाच्या थेंबांचा मारा बसला की वरचा थर दाबून घट्ट होतो, त्याचे कवच बनते. मग पाऊस पडला तरी पाणी आत जात नाही, सरळ वाहून जाते. बी टाकले तर पाण्याबरोबर तेही जाते. म्हणजे पाऊस कमी हे एक दुःख, आणि जो पडतो तो मुरत नाही हे दुसरे.

आता कुणी म्हणेल, सरकारने काही केले नाही का? केले की! दुष्काळाच्याही आधी, १९६२ ते १९६५ या काळात, युरोपच्या मदतीने मोठी यंत्रे आली आणि यातेंगात एक लाख वीस हजार हेक्टरांवर मातीचे बांध घातले गेले. हेक्टर म्हणजे अडीच एकर, हिशेब तुम्हीच करा. बांध हिशेबाने घातलेले होते, खोटे काम नव्हते. मात्र ज्याच्या शेतात बांध पडणार त्याला कुणी विचारले नाही. वरून येणारे पाणी चराने बाजूला काढून द्यावे, ही इंजिनियरांची रीत. शेतकऱ्याला तर तेच पाणी शेतात हवे होते! यंत्रे परत गेली, बांध फुटले, ते दुरुस्त करायला कोणी गेले नाही. जे आपले नव्हे ते कोण दुरुस्त करणार?

१९७९ साली ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेची माणसे यातेंगात आली. त्यांना झाडे लावायची होती. झाडांसाठी पाणी अडवण्याची सोय त्यांनी दाखवली. लोकांनी ती पाहिली आणि त्यांचे लक्ष झाडांवरून पिकावर गेले. पाणी अडतेच आहे, तर ज्वारी का पेरू नये? पोटाला आधी धान्य लागते, सावली मागाहून. त्या माणसांचे मला कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की, त्यांनी आपला आराखडा पुढे रेटला नाही. लोकांचे म्हणणे ऐकून कामाचा रोख बदलला.

उतारावर आडव्या दगडांच्या ओळी लावण्याची रीत त्या भागात पूर्वीपासूनच होती. मातीचा बांध पाणी तुंबवतो, आणि एका ठिकाणी फुटला की तिथेच घळ पडते. दगडांच्या ओळीतून पाणी झिरपत जाते, फक्त त्याचा वेग मोडतो. वेग मोडला की बरोबरचा गाळ, पालापाचोळा, गवताचे बी ओळीच्या वरच्या बाजूला बसते आणि पाण्याला मुरायला सवड मिळते. अडचण एकच होती. ओळ समपातळीत नसली तर पाणी तिच्या कडेकडेने धावते. आणि जिथे उतार डोळ्यांना दिसतही नाही, तिथे समपातळी काढायची कशी? त्यावर उपाय निघाला तो साध्या पाण्याच्या नळीचा. आपले गवंडी पाया घालताना वापरतात तीच ती नळी. लिहिता-वाचता न येणारा शेतकरीसुद्धा एक-दोन दिवसांत तिचा वापर शिकतो. ती रीत शेवटी सांगतो.

त्याच सुमारास वाहिगुयाजवळच्या गुर्गा गावचे याकुबा सावादोगो बाजारातले आपले दुकान सोडून शेतीकडे परतले. त्यांच्या वाडवडिलांकडे ‘झाई’ नावाची रीत होती : कडक जमिनीत लहान लहान खड्डे घ्यायचे आणि त्यांत बी टाकायचे. याकुबांनी तिच्यात सुधारणा केली. खड्डा मोठा केला, तोंड वीत-सव्वा वीत आणि खोली वीतभराला थोडी कमी. पाऊस येण्याच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यातच, खणायला सुरुवात केली. लोक म्हणाले, याला वेड लागलं. प्रत्येक खड्ड्यात त्यांनी ओंजळभर शेणखत टाकले. खताच्या वासाने वाळवी आली. आपण वाळवीला शत्रू मानतो. पण इथे तिने जमिनीत बारीक बारीक बोगदे पाडले, कवच फुटले, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या बोगद्यांतून खोल गेले. खड्ड्यात ज्वारी उगवली. पुढे दोन पावसांच्या मधे खंड पडला तेव्हा भोवतालचे पीक माना टाकू लागले आणि खड्ड्यातले तग धरून राहिले. जिथे काडी उगवत नव्हती तिथे अवर्षणाच्या सालीही हेक्टरी तीन-चारशे किलो धान्य निघू लागले. चांगल्या सालात दीड हजार किलोपर्यंत.

शेणखतातून झाडांचे बीही आले होते. ज्वारीबरोबर रोपे उगवली. याकुबांनी ती उपटली नाहीत, राखली. त्यांतून पुढे पंचवीस हेक्टरांच्या आसपास रान उभे राहिले. एकदा कुणीतरी ते पेटवूनही दिले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

१९८४ पासून त्यांनी वर्षातून दोनदा आपल्या शेतावर बाजार भरवायला सुरुवात केली. गावोगावचे शेतकरी आपले बियाणे घेऊन येत, अदलाबदल करत आणि कुणाच्या खड्ड्याचे काय झाले ते एकमेकांना सांगत. १९८९ साली शेजारच्या नायजर देशातल्या इलेला भागातून तेरा शेतकरी यातेंगा पाहून गेले आणि परत जाऊन त्यांनी आपल्या जमिनीत तसेच खड्डे घेतले. तिकडे त्याला ‘तासा’ म्हणतात.

शिक्षक मंडळींसाठी आणखी एक नाव सांगतो : बर्नार लेदेआ वेद्रागो. हे यातेंगाकडचेच, पेशाने शिक्षक. खेड्यातल्या शेतीशाळांतून मुले शिकून बाहेर पडत. त्यांची नवी मंडळे काढावीत तर ती टिकत नसत. वेद्रागोंनी पाहिले की, मोसी खेड्यांत तरुणांचा ‘कोंबी-नाम’ नावाचा जुना संघ आहे. पावसाळ्यात गावची पोरे एकत्र येतात, आपले पुढारी आपणच निवडतात, शेतांत मिळून राबतात. थोरा-मोठ्याचा मुलगा म्हणून कुणाला सवलत नाही. या जुन्या खोडावरच त्यांनी १९६७ पासून ‘नाम’ मंडळांचे कलम बांधले. पुढे दगड वाहण्याच्या कामाला हीच मंडळे उपयोगी पडली, कारण हे काम एकट्याचे नव्हे. वेद्रागोंना १९९० साली आणि याकुबांना २०१८ साली ‘राइट लाइव्हलीहूड’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल, मग अवघड काय आहे? अवघड पुष्कळ आहे. एका हेक्टरात दहा हजारांवर खड्डे, आणि ते खणायला एका माणसाचे सुमारे तीनशे तास. ज्याच्या घरी गुरे नाहीत त्याने शेणखत आणायचे कुठून? जवळचे दगड वेचून संपले की लांबून आणायला गाडी लागते आणि गाडीला पैसा लागतो. शिवाय जमिनीला किंमत आली की तिच्यावर डोळा ठेवणारेही येतात. वाहिगुया वाढत गेले, सरकारी नकाशात याकुबांच्या रानाचा काही भाग घरांच्या भूखंडांत गेला. ज्याने माळाचे रान केले त्याच्यापाशी त्या जमिनीचा कागद नव्हता. २०१५ नंतर या देशात सशस्त्र टोळ्यांचा हिंसाचार पसरला. मार्च २०२३ पर्यंत वीस लाखांहून अधिक माणसे घरे सोडून गेली होती. राखलेली शेते कित्येकांना तशीच टाकून जावे लागले. याकुबा सावादोगो डिसेंबर २०२३ मध्ये वारले.

आता नळीची रीत. दहा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या, आणि सारख्या उंचीच्या दोन काठ्या. काठ्यांवर बुडापासून सेंटिमीटरच्या खुणा करा. नळीचे एकेक टोक एकेका काठीला बांधा, आणि निम्म्या काठीपर्यंत येईल इतके पाणी भरा. दोन्ही काठ्या एकाच जागी उभ्या करून पाहा, पाणी दोन्हींवर एकाच खुणेवर हवे. मग एका मुलाला जागेवर थांबवा, दुसऱ्याला उतारावर आडवे चालू द्या. त्याची काठी खालच्या जागी असेल तर तिच्यावर पाणी वर चढलेले दिसेल. तो वर-खाली सरकत राहील आणि दोन्ही खुणा जुळल्या की तिथे खुंटी ठोकायची. मग पहिल्याने पुढे जायचे. खुंट्या जोडल्या की समपातळीची रेघ मिळाली. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर मुलांनी हे केले, तेव्हा इतकी वर्षे मी सपाट समजत होतो त्या मैदानाला एका कोपऱ्याकडे चांगला वीतभर उतार निघाला. काठी हलवताना नळीच्या तोंडांवर अंगठा धरावा, नाहीतर पाणी सांडते. आणि नळीत बुडबुडा राहू देऊ नये, तो राहिला की पातळी खोटी दिसते.