सत्तर लाख पाने आणि स्वल्पविरामाची जागा

उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली गावे तेंदूपत्त्याच्या हंगामात गुंतलेली असतात. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडून आणायची, घरी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात. शंभर पुड्यांचा शेकडा, हजार पुड्यांची एक गोणी. म्हणजे एका गोणीत ७० हजार पाने आणि शंभर गोण्यांत ७० लाख. इतकी पाने एकेक करून कोणी मोजत नाही. पुडा, शेकडा, गोणी अशा पायऱ्या ठरलेल्या असल्यामुळे हिशेब मात्र पानापर्यंत चोख लागतो.

मोठ्या संख्यांची नावे म्हणजे अशाच पायऱ्या. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. रोजच्या बोलण्यात आपण हजार, लाख, कोटी आणि क्वचित अब्ज वापरतो. हजारानंतर दर दोन अंकांनी नवे नाव येते. इंग्रजीत ते दर तीन अंकांनी बदलते, चिनी आणि जपानीत दर चार अंकांनी.

स्वल्पविराम या नावांच्या मागोमाग चालतो. सत्तर लाख आपण ७०,००,००० असे लिहितो. इंग्रजी पद्धतीत तेच ७,०००,००० होतात. संख्या एकच, पण दुसरी मांडणी लाख-कोटीत विचार करणाऱ्याला थांबून शून्ये मोजायला लावते. स्वल्पविराम नसला तर चूक आणखी सोपी. १२५००००० म्हणजे सव्वा कोटी. त्यातले एक शून्य नजरेतून निसटले की उरतात साडेबारा लाख.

संगणकाला स्वल्पविरामाची गरज नसते. ती माणसाला असते. म्हणून प्रोग्रामिंगच्या भाषांनी सोय केली. जावामध्ये २०११पासून आणि पायथनमध्ये २०१६पासून अंकांच्या मध्ये खालची रेघ (_) टाकता येते. ती दर तीन अंकांनीच हवी असे बंधन नाही. सत्तर, रेघ, दोन शून्ये, रेघ, तीन शून्ये असे लिहिले तरी संगणक सत्तर लाखच वाचतो. उत्तर दाखवताना मात्र पायथनचा साधा स्वल्पविराम दर तीन अंकांनी पडतो. जावास्क्रिप्टला मराठी भाषा सांगितली, की तीच संख्या ७०,००,००० अशी देवनागरी अंकांत येते.

साठवणुकीचीही मर्यादा असते. संख्येसाठी ३२ बिटांची नेहमीची जागा ठेवली तर २,१४,७४,८३,६४७च्या पुढे ती जात नाही. २०१४मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली आणि यूट्यूबला मोजणीची जागा ६४ बिटांची करावी लागली. तेंदूची पाने एकेक नोंदवली, तर साधारण ३० हजार ६७८ गोण्यांनंतर तीच वेळ येईल. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने पाने नोंदवायची की पुडे, हे आधीच ठरवलेले बरे.

धानोऱ्यात आकडे कसे मांडायचे हा प्रश्न थेट गावाच्या हक्काशी जोडलेला आहे. याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगलाचा व्यवहार गावाकडे आला, तसा लाखांचा हिशेबही गावाकडे आला. गोंडी आणि मराठी बोलणारी माणसे सभेत बसून तो ऐकतात, त्यावर प्रश्न विचारतात आणि ठराव करतात. ज्या तक्त्यातला आकडा त्यांना एका नजरेत वाचता येत नाही, त्या तक्त्यावर त्यांनी हात वर करावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

उपाय अवघड नाही. ग्रामसभेसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आणि लिलावाच्या नोटिसा टाइप करणाऱ्यांनी स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी द्यावा. धनादेशावर लिहितात तशी रक्कम अक्षरीही लिहावी. पानांची संख्या असेल तर शेजारी गोण्या आणि पुडेही मांडावेत. ज्यांच्या घामाचा तो आकडा आहे, त्यांना तो दुसऱ्या कोणाला न विचारता वाचता आलाच पाहिजे.