वचनांमधील ‘कायक’

सोलापूरकडून विजयपूर-गदगला जाणारा लोहमार्ग होटगी जंक्शनला फुटतो. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जाणाऱ्या या पट्ट्यात 12व्या शतकातील शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, वचने (कन्नडमधील छोटी गद्यकाव्ये) आजही गायली जातात. खरेपणाने आणि भरभरून कसे जगावे, याचे त्यांनी दिलेले एक उत्तर म्हणजे ‘कायक’.

कायक म्हणजे स्वतःच्या देहाने, प्रामाणिकपणे केलेले उपजीविकेचे काम. ‘खूप राबा, तीच पूजा’ एवढाच अर्थ अनेकजण घेतात. तो साहजिक आहे, पण अर्धा आहे. कायकाला जोडूनच दासोह (मिळकत नम्रतेने इतरांसोबत वाटून घेणे) येतो. भाकरी थापणे आणि ती पंगतीत वाढणे, तसे हे नाते आहे. थापून टोपलीत झाकून ठेवली, तर काम पुरे झाले असे कोण म्हणेल?

साठवण्याला कायकात जागा नाही, हे एका कथेतून दिसते. शरण आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून जगत. एकदा त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी ते परत नेऊन टाकायला लावले, अशी कथा आहे. नुसते राबणे हेच मोठेपण असते, तर त्यांनी कौतुक केले असते. मला ही कथा कोणत्याही व्याख्येहून मोलाची वाटते.

कायकात उतरंडही नाही. नाव चालवणारे अंबिगर चौडय्या, चांभारकाम करणारे हरळय्या, राजदरबारी काम पाहणारे बसवण्णा आणि सोलापुरात तलाव खोदणारे सिद्धरामेश्वर, सगळ्यांचे कायक सारखेच.