जुने छायाचित्र आणि महाबोधीचा दावा

बुद्धगयेच्या महाबोधी महाविहाराचे १८८० पूर्वीचे एक कृष्णधवल छायाचित्र आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती नेहमी दिसते. त्याखाली कोणी लिहितो, 'सम्राट अशोकाने बांधलेले मूळ विहार'. कोणी लिहितो, 'पाहा, शत्रूंनी केलेला विध्वंस!' भावना खरी आहे. पण भावनेवर दावा जिंकता येत नाही. म्हणून हे छायाचित्र पुरावा म्हणून कसे वाचावे, हे आम्ही सांगू इच्छितो.

चित्रात काय दिसते? गिलावा गळून उघड्या पडलेल्या विटा, पूर्वेच्या दर्शनी भागाला पडलेले मोठे त्रिकोणी भगदाड, भोवती मातीचे ढिगारे. आणि काय दिसत नाही? आज दिसणारे चार कोपऱ्यांचे चार मनोरे! ते १८८० ते १८८४ च्या दुरुस्तीत कनिंगहॅम व बेगलर यांनी उभारले. त्यासाठी अवशेषांत सापडलेल्या एका लहान दगडी प्रतिकृतीचा आधार घेतला गेला.

म्हणजे ही वास्तू अशोकाच्या हातची नव्हे. अशोकाने या स्थळाचा गौरव केला, पण विटांचे हे उंच मंदिर नंतरच्या शतकांतले. तेराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशच्या बौद्धांनी त्याची दुरुस्ती केल्याचा शिलालेख तेथेच आहे. हे मान्य केल्याने आपला दावा कमकुवत होत नाही, उलट बळकट होतो. मध्ययुगातही समुद्रापलीकडचे बौद्ध या वास्तूची काळजी वाहत होते, हेच त्यातून सिद्ध होते.

आता खरा प्रश्न विचारू या. छायाचित्र घेतले तेव्हा हे स्थळ कोणाच्या ताब्यात होते? शैव महंताच्या. ताबा होता, मग निगा कुठे होती? १८७७ साली डागडुजीला माणसे पाठवली ती ब्रह्मदेशच्या मिंडॉन राजाने. पुढे काम हाती घेतले ते इंग्रज सरकारने. मात्र १८९५ साली अनागारिक धर्मपालांनी तेथे जपानी बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा ती उचलून बाहेर नेण्यास महंताची माणसे तत्पर होती! गयेच्या मॅजिस्ट्रेटने त्यांना शिक्षा दिली, कलकत्ता हायकोर्टाने ती रद्द केली.

छायाचित्र वास्तूची अवस्था सांगते, मालकी सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपला आजचा दावा संविधानाच्या अनुच्छेद २५ व २६ वर उभा आहे. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध व चार हिंदू सदस्य नेमले आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण चार-चारची रचना राहिली. भदंत सुरई ससाई यांनी १९९२ मध्ये पेटवलेला आणि २०२५ च्या उपोषणाने पुन्हा चेतलेला लढा याच रचनेविरुद्ध आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, छायाचित्र वाटताना त्याखाली साल, छायाचित्रकार व मूळ संग्रह लिहा. माहीत नसेल तर काही जोडू नका. विरोधकाला आपली एक चूक सापडली की तो दहा सत्ये झाकतो. बाबासाहेबांनी प्रत्येक विधानामागे पुरावा उभा केला. त्यांच्या अनुयायांनी त्याहून कमी करून कसे चालेल?