ट्राउटच्या पिल्लांचे प्रस्थान

नदीत जन्मलेल्या माशाने समुद्राकडे केव्हा निघावे, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मासा तपकिरी ट्राउट, मूळचा युरोपातला. (काश्मीरच्या ओढ्यांत १९०० साली त्याची अंडी ब्रिटनहून आणून वाढविण्यात आली, तेथून तो समुद्रापर्यंत मात्र जात नाही.)

नॉर्वे, स्कॉटलंड, डेन्मार्क येथील नद्यांत मादी हिवाळ्याच्या तोंडावर वाळूगोट्यांत अंडी घालते. वसंतात वर आलेली पिल्ले एक ते तीन, अतिउत्तरेस त्याहूनही अधिक वर्षे गोड्या पाण्यातच काढतात. त्यांच्या कुशीवर बोटांचे ठसे उमटावेत तसे काळसर डाग असतात. मग एका वसंतात ते डाग लोपतात, अंग रुपेरी होते. शाळेत ज्यांनी माशाचे कल्ले उघडून पाहिले असतील त्यांना सांगतो, खरा पालट तेथे होतो: रक्तातील जादा मीठ बाहेर टाकण्याची शक्ती कल्ल्यांत येते.

सगळीच पिल्ले जात नाहीत, हे मला फार विलक्षण वाटते. एकाच मातेची काही पिल्ले आजन्म ओढ्यात राहतात. जाणाऱ्यांत माद्या अधिक. कारण समुद्रातील मुबलक अन्नाने देह वाढतो, आणि मोठ्या देहात अंडी अधिक मावतात.

निघण्याची वेळ दोन घड्याळे ठरवितात. पहिले दिवसाच्या लांबीचे. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातील अंतःस्राव बदलतात व सिद्धता सुरू होते. दुसरे पाण्याचे. ते उबदार होऊ लागले, लोंढा आला, की बहुधा एप्रिल-मे महिन्यांत पिल्ले उतरू लागतात. पुष्कळदा रात्री, शत्रूची नजर चुकवून.

ही सिद्धता काही आठवडेच टिकते. पाणी फार तापले की ओसरते. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात रेंगाळलेले पिल्लू म्हणून दुहेरी संकटात सापडते. डेन्मार्कच्या गुदेनो नदीवरील टांगे तलावात अशी कितीतरी पिल्ले पाइकसारख्या माशांच्या तोंडी जातात.

त्यातच दुसरे घड्याळ पुढे धावू लागले आहे. ट्राउटचा भाऊबंद अटलांटिक सॅमन. त्याच्या ६७ नद्यांतील नोंदी २०१४ साली एकत्र मांडल्या गेल्या. १९६१ ते २०१० या काळात त्याच्या पिल्लांचे प्रस्थान दर दशकास सुमारे अडीच दिवसांनी अलीकडे आले होते. सूर्याचे घड्याळ जागच्या जागी आहे. समुद्रातील अन्नही तितकेच अलीकडे सरकले नाही, तर वेळेआधी पोचलेल्या पिल्लाने खावे काय?