चार विजयांचा हिशेब

इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलचा इतिहास सांगताना प्रशिक्षक अंतोनिओ लोपेझ हबास यांचं नाव कोलकात्याच्या ओघात येतं. २०१४ची पहिलीवहिली ट्रॉफी, २०२०ची दुसरी, आणि २०२४ मध्ये मोहन बागानला मिळालेली लीग शिल्ड. या सगळ्याच्या मधलं २०१६ हे वर्ष त्यांनी पुण्यात काढलं. ते वर्ष मात्र एका ओळीत निकालात निघतं: एफसी पुणे सिटी, चौदा सामने, सोळा गुण, सहावा क्रमांक. विजेता प्रशिक्षक आणला आणि संघ होता तिथेच राहिला, म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा तेव्हाचा सूर होता. आजही पुण्यातल्या फुटबॉलच्या गप्पांत हबास यांचा विषय निघाला की हाच शेरा कानावर येतो. आता जवळपास दहा वर्षं उलटल्यावर गुणतक्ते पुन्हा उघडून पाहिले, तर तो शेरा चुकीच्या माणसाच्या नावावर लिहिला गेला आहे असं मला वाटतं.

आधी साधा हिशेब. २०१४ मध्ये पुण्याचे प्रशिक्षक होते इटलीचे फ्रान्को कोलोम्बा. मैदानावर दाव्हिद त्रेझेगे हा फ्रान्सचा विश्वविजेता होता. गुण आले सोळा. २०१५ मध्ये इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आले, सोबत एड्रियन मुटू, तुंजाय, दिदिए झोकोरा. सुरुवात झोकात झाली आणि पुढे संघ घसरला. गुण पंधरा. २०१६ मध्ये स्पेनचे हबास. गुण पुन्हा सोळा. म्हणजे तीन देशांचे, तीन वळणांचे प्रशिक्षक आणि दर वर्षी जवळपास नवा संघ. तरी तिन्ही वर्षांत विजय बरोबर चार. चारच. माणूस बदलला तरी उत्तर बदलत नसेल, तर चूक गणितात कुठे तरी आधीच्या पायरीवर असते.

दौंड तालुक्यात राहूच्या पट्ट्यात गुऱ्हाळांची दाटी आहे. तिथे हा प्रश्न कुणाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. काहिलीवर उभा असलेला गुळव्या मळी काढतो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का पाहतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगतो. गूळ चिकट निघाला की पहिली बोलणी त्यालाच बसतात. पण ऊस कोवळा होता की तोडून चार दिवस बांधावर पडला होता, जाळ कुणी कसा घातला, हे न विचारता दर हंगामाला गुळव्याच बदलणारा मालक गूळ सुधारू शकत नाही. पुण्याच्या क्लबने पाच हंगामांत सहा प्रशिक्षक नेमले. मधल्या काळात हंगामी जबाबदारी सांभाळणारे प्रद्युम्न रेड्डी त्यात धरलेले नाहीत.

आता हबास यांच्याच कारकिर्दीतली एक गंमत पाहा. २०१४ मध्ये त्यांनी कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिलं, त्या वर्षी साखळीत कोलकात्याचे विजय किती होते? चार. बरोबरी सात, पराभव तीन, गुण एकोणीस. पुण्यात विजय चार, बरोबरी चार, पराभव सहा. २०१६ मध्ये तर हे आणखी ठळक झालं. त्या वर्षीचा विजेता कोलकात्याचा संघ, सहावा पुण्याचा आणि तळाला गेलेला गोव्याचा, तिघांचेही साखळीतले विजय चारच होते. फरक पाडला तो बरोबरीत सुटलेल्या सामन्यांनी: कोलकाता आठ, पुणे चार, गोवा दोन. पहिल्या क्रमांकाच्या मुंबईचे गुण तेवीस आणि शेवटच्या गोव्याचे चौदा. आठ संघांची अख्खी उतरंड नऊ गुणांत मावली होती. उपांत्य फेरीची शेवटची जागा पुण्यापासून चार गुणांवर होती. पुण्याचे चारही विजय एकेका गोलाच्या फरकाचे आणि पराभवही बहुतेक तसेच. एवढ्या बारीक चाळणीतून कुणाचा दर्जा ठरवायचा म्हटलं तर ते नाणेफेकीवरून फलंदाजाची सरासरी काढण्यासारखं होईल.

मग त्या सोळा गुणांच्या आत काय घडलं? हंगामाचा चेहरा म्हणून क्लबने आइसलँडचा आयडर गुडयॉन्सन घेतला होता. तो सरावातच जखमी झाला आणि एकही सामना न खेळता बाहेर पडला. त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. आघाडीचा खेळाडू गेला आणि मधल्या फळीतला आला. खेळाचा आराखडाच तिथे बदलतो. दुसरं म्हणजे बंदी. पहिले चार सामने हबास डगआउटमध्ये बसू शकले नाहीत, सहायक मिगेल मार्टिनेझ यांनी संघ हाताळला. ३ ऑक्टोबरला बालेवाडीत मुंबईकडून ०-१, मग गोव्यात २-१ असा विजय, पुन्हा घरी नॉर्थईस्टकडून ०-१ आणि केरळशी १-१. चार सामन्यांत चार गुण. घरच्या मैदानावरचा पहिला विजय यायला ६ नोव्हेंबर उजाडला आणि तो आला हबास यांच्याच जुन्या कोलकात्याविरुद्ध, २-१. चार दिवसांनी मुंबईला मुंबईत १-० असं हरवलं. १८ नोव्हेंबरला दिल्लीविरुद्ध ४-३. ती दिल्ली म्हणजे प्रशिक्षक झाम्ब्रोता यांचा, त्या वर्षी सर्वाधिक गोल करणारा संघ. बचावखोर, कंटाळवाणा म्हणून ज्यांना हिणवलं जायचं त्या प्रशिक्षकाच्या संघाने सात गोलांचा सामना जिंकला, हे त्यांच्या टीकाकारांनी सोयीस्करपणे विसरून टाकलं आहे. नोव्हेंबरच्या त्या दोन आठवड्यांत हा संघ कुठल्याही उपांत्य फेरीत शोभला असता. पण ३ ऑक्टोबर ते २ डिसेंबर या दोन महिन्यांत चौदा सामने उरकायचे होते. संघ जमायला लागला तेव्हा हंगाम आवरत आला होता.

बंदी हबास यांनी स्वतःच्या वागण्याने ओढवून घेतली होती, मग तिची सबब कशी चालेल, असा पहिला आक्षेप येतो आणि तो खराच आहे. सीमारेषेवरचा त्यांचा पारा पहिल्या हंगामापासून कुप्रसिद्ध होता. संतापी माणूस नेमताना क्लबला ते ठाऊक होतं, पण म्हणून प्रशिक्षकाचा दोष कमी होत नाही. पुण्यातल्या अपयशात त्यांचा स्वतःचा वाटा लिहायचाच, तर तो इथे लिहावा, ठळक अक्षरात. आणखी एक गोष्ट त्यांच्या विरोधात जाते. हरणारा सामना बरोबरीत सोडवणं ही त्यांची खासियत. पुण्यात नेमकी तीच कमी पडली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुढच्याच हंगामात रान्को पोपोविच यांनी याच क्लबला चौथ्या क्रमांकावर नेलं. तीस गुण, क्लबच्या इतिहासातली एकमेव उपांत्य फेरी. त्यांनाही बंदी झाली होती, तरी निभावलं. मग हबास यांना का जमलं नाही? इथे तारखा पाहाव्या लागतात. हबास क्लबपासून वेगळे झाले ते सप्टेंबर २०१७ मध्ये. त्या हंगामासाठी भारतीय खेळाडूंची निवड जुलैतच झाली होती आणि पोपोविच तेव्हा पुण्यात आलेले नव्हते. आदल्या वर्षी दिल्लीकडून दहा गोल करून गोल्डन बूट मिळवणारा मार्सेलिन्यो आणि नॉर्थईस्टचा एमिलियानो अल्फारो, असे भारतात तावून सुलाखून निघालेले दोघे जण पहिल्यांदाच एकत्र हाताशी आले. शिवाय लीग लांबली होती. दहा संघ, प्रत्येकी अठरा सामने, नोव्हेंबर ते मार्च. चुकलेल्या सुरुवातीची भरपाई करायला जागा मिळाली. पोपोविच यांचं श्रेय मी काढून घेत नाही. उपांत्य फेरीत बेंगळुरूला घरी ०-० रोखणं सोपं नव्हतं, जरी दुसऱ्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी सगळं संपलं. पण क्लबने त्या यशाचं काय केलं? पोपोविच राहिले नाहीत. मिगेल आंजेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांत गेले. मग रेड्डी, मग फिल ब्राऊन. २०१८-१९ला सातवा क्रमांक. ज्याच्यामुळे संघ वर आला असं म्हणायचं, त्यालाही टिकवायचं नाही, ही रीत हबास यांच्या आधीही होती आणि नंतरही.

कोलकात्यात पैसा आणि खेळाडू दोन्ही मिळाले की कुणीही जिंकेल, असंही म्हटलं जातं. कुणीही जिंकत नाही. हबास यांच्या दोन कारकिर्दींच्या मध्ये, २०१७-१८ला, कोलकाता दहा संघांत नववा आला होता. २०१९ला हबास परतले आणि मार्च २०२० मध्ये, कोरोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या फातोर्डा स्टेडियमवर, चेन्नईला ३-१ हरवून त्यांनी दुसरी ट्रॉफी उचलली. दोनदा आयएसएल जिंकणारे ते पहिलेच प्रशिक्षक. पुण्यात ज्यांना खेळ कळत नव्हता असं समजलं गेलं, ते हेच.

पुण्याच्या जागेचं पुढे काय झालं, तोही पुरावाच आहे. २०१९ मध्ये क्लब गुंडाळला गेला आणि आयएसएलमधली ती जागा हैदराबादला गेली. फिल ब्राऊनही सोबत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांचीही गच्छंती झाली. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला. त्यानंतर मानोलो मार्केझ आले. पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक आला तरी त्यांना कुणी काढलं नाही. दुसऱ्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, हैदराबाद विजेता झाला. पुण्यात पाचव्या क्रमांकावर दुसरं वर्ष मिळालं असतं का, याचं उत्तर पाच वर्षांच्या नेमणुकांच्या यादीतच आहे.

२०१९ नंतर आयएसएलच्या गुणतक्त्यात पुण्याचं नाव आलेलं नाही.